क्रमांक चारशे सतराचा सोबती

"इथं, आणि इथं," एहसानने बोट ठेवलं आणि गणराजने सही ठोकली. दोन्ही ठिकाणी, न वाचता. पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये तीन वर्षं तो शिफ्टच्या चेकशीटवर अशाच सह्या ठोकत आला होता. जोडीतल्या एकाने बोट दाखवायचं, दुसऱ्याने पेन चालवायचं.

कागद संशोधनाचा होता. चाकणच्या त्यांच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वर्षालीताई नावाच्या संशोधक टेबल मांडून बसल्या होत्या. मन खचलेल्या कामगाराला मोबाइलवरच्या अ‍ॅपचा कितपत उपयोग होतो, हे त्यांना बारा आठवडे तपासायचं होतं. प्रत्येक रुग्णाबरोबर एक सोबती हवा. रुग्णाचं नाव गुप्त, त्याला नुसता क्रमांक. या दोघांच्या फॉर्मला मिळाला चारशे सतरा.

"मन लागत नाही रे भावा कशात," एहसान आदल्या दिवशी म्हणाला होता. "तू बरोबर आलास तर जातो तिथं."

 काळेवाडीचा एहसान मुलाणी म्हणजे अख्ख्या शॉपला हसवणारा माणूस. सहा महिन्यांपूर्वी परभणीकडे गणराजचे वडील गेले, तेव्हा त्याचा फोन नियमाप्रमाणे शॉपच्या दारातल्या लॉकरमध्ये होता. शिफ्ट सुटल्यावर चौदा मिस्ड कॉल दिसले. त्या दिवशी कोणी न सांगता एहसानच त्याला गावी घेऊन गेला होता. अशा माणसाचं काही बरंवाईट झालं तर? ते काही नाही, याला वाचवायचंच, असं गणराजने ठरवून टाकलं.

एहसानच्या फोनची काच फुटलेली, म्हणून अ‍ॅप गणराजच्या फोनमध्ये आलं. पहिल्याच दिवशी नऊ प्रश्न.

"तूच वाच. मला बारीक अक्षर दिसत नाही," एहसान म्हणाला.

व्हर्नियर मापपट्टीवरची रेघ न् रेघ वाचणारा माणूस! पण आजारी माणसाशी वाद कशाला घालायचा?

"झोप लागते का?" गणराजने वाचलं.

"तू आधी सांग."

"मला कुठं लागायलीय? पर मी तुझं इचारायलोय."

"मग तेच लिही. माझंही तुझ्यासारखंच."

प्रत्येक प्रश्नाला हेच. असं करत करत नववा आला. जगणं नकोसं वाटतं का? एहसान नुसता त्याच्याकडे बघत राहिला. गणराजने बराच वेळ अंगठा अधांतरी धरला आणि मग 'जवळजवळ रोज'वर टेकवला. एहसानचं हेच असणार, याची त्याला खात्री होती. एकवीस गुण झाले. जितके गुण जास्त, तितका आजार मोठा.

तासाभरात वर्षालीताईंचा एहसानला फोन आला. पार्किंगमध्ये फेऱ्या मारत तो अर्धा तास बोलत होता. मग त्यांनी गणराजलाही फोनवर घेतलं, कसे आहात, जेवता का, विचारलं. बाई सोबत्याचीसुद्धा एवढी चौकशी करतात, याचं त्याला कौतुक वाटलं.

त्या संध्याकाळी एहसान बोचकं घेऊन गणराजच्या दिघीच्या खोलीवर राहायला आला. बंद दाराची धास्ती वाटते म्हणाला, आणि स्क्रू काढून आतली कडीच उतरवली. एकट्याने जेवायलाही तयार नाही. गणराजने एरवी डबा तसाच परत नेला असता, पण एहसान हटून बसायचा, तू खाल्लंस तरच मी खाणार. मग खावंच लागे.

अ‍ॅप रोज काहीतरी काम द्यायचं. वीस मिनिटं चाला. आज जमलेली एक गोष्ट लिहा. एहसान एकटा करेल तर शपथ! म्हणून रोज संध्याकाळी दोघं टेकडीपर्यंत चालायला लागले. पाचव्या आठवड्यात अ‍ॅपने सांगितलं, ज्या माणसाशी बोलायचं टाळता, त्याला फोन करा.

"तू आधी," एहसान सवयीप्रमाणे म्हणाला.

गणराजने मोठ्या मुश्किलीने आईला फोन लावला. वडिलांचे दिवस करून आल्यापासून तो तिच्याशी बोललाच नव्हता.

"माय, मी तवा फोन उचलला न्हाई," एवढंच बोलला आणि लहान मुलासारखा रडला.

"येडा हायेस का?" आई म्हणाली. "लेकरू कामावर हाय, त्याला तरास देऊ नका, असंच म्हनत व्हते ते शेवटाला."

एहसान पाठ फिरवून टेकडीकडे बघत उभा होता. त्याचे खांदे हलत होते. बिचाऱ्याच्या जिवाला हे सोसत नाही, असं वाटून गणराजने फोन आवरता घेतला. पण त्या दिवसापासून आईचा फोन रोजचा झाला.

गुण उतरत गेले. सतरा, बारा, नऊ. बाराव्या आठवड्यात चार! नवव्या प्रश्नावर गणराजने 'कधीच नाही' दाबलं. घाईत एहसानला विचारायचंही राहिलं. मग कॅन्टीनच्या बाकावर चढून त्याने अशी शिट्टी मारली की वाढपीसुद्धा हातातली पळी घेऊन बाहेर आला.

"जिंकलास, भावा!" तो ओरडला.

एहसानने त्याला खाली ओढून घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही.

समारोप चिंचवडच्या एका हॉलमध्ये होता. रुग्णांची नावं गुप्त, त्यामुळे सत्कार फक्त सोबत्यांचा. गणराज इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. एका माणसाला आपण मरणाच्या दारातून ओढून आणलं, या आनंदाने त्याची छाती भरून आली होती.

"पाचशे जणांत सगळ्यात मोठी सुधारणा क्रमांक चारशे सतराची," वर्षालीताई माइकवर म्हणाल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. "त्यांच्या सोबत्याने वर यावं."

गणराज उठला. शेजारी एहसानही उठला. गोंधळला असेल, म्हणून गणराजने खांद्यावर हात ठेवून त्याला प्रेमाने खाली बसवायला घेतलं. तेवढ्यात ताईंनी फॉर्मवरचं नाव वाचलं, "एहसान मुलाणी."

एहसानने खांद्यावरचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हसला.

"सही वाचून करत जा, राव."