तीसेक शब्द

दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायला त्याने एक प्रोग्राम लिहिला. आकडा टाकला, की तो इंग्रजीत बोलून दाखवायचा. आवाजासाठी बायकोला हाताला धरून माइकसमोर बसवलं.

"ताटं वाढलीयेत, आणि तुझं हे काय मध्येच? एवढे सगळे आकडे म्हणत बसू का आता?"

"अगं, सगळे कशाला? वन ते नाइन्टीन, मग ट्वेंटी, थर्टी असे दहाचे, शेवटी हंड्रेड, थाउजंड. तीसेक शब्द झाले, की संपलं. बाकीची जोडाजोड प्रोग्राम करतो."

नाक मुरडत का होईना, तिने सगळे शब्द म्हटले.

ती गेल्यापासून तो जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतो. मनाला येईल तो आकडा टाकतो, आणि ती न कंटाळता बोलते. शेकड्यातला टाका नाहीतर हजारातला, एकदाही अडखळत नाही.

* * *

‘फोर्टी’ आणि ‘फिफ्टी’च्या मध्ये ती म्हणाली होती, "आधी जेवून घे रे, गार होतंय," आणि तेवढं त्याने त्याच दिवशी फालतू म्हणून कापून टाकलं होतं.