सगळ्या गावाची तिथी

लग्नानंतरचं पहिलंच श्राद्ध होतं. सुनेनं पहाटेच खिरीचं दूध आटवायला ठेवलं.

"आत्याबाई, जेवायला शेजारच्या काकूंना सांगू?"

"त्यांच्याकडंबी आजच हाय."

"मग समोरच्यांना?"

"त्यांच्याकडंबी." सासूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "भूकंपानं सगळं गाव एकाच रात्री नेलं, पोरी. आज इथं कुणी कुणाकडं जेवायला जात नाही."

सून दारात आली. गल्लीतल्या प्रत्येक घरातून वडे तळल्याचा वास येत होता.

कधी न पाहिलेल्या सासऱ्यांचं आणि नणंदेचं, अशी दोन पानं तिनं वाढली. सासूनं तिसरं मांडलं.

"हे कुणाचं?"

"जुन्या गावात आपल्या भिंतीला लागून एक घर होतं. त्यांच्यात पान वाढायला मागं कुणीच राहिलं नाही."