पायऱ्यांचा किनारा

“काळी रेती? हा किनारा काढा,” आधारनाना म्हणाले.

तिकिटं काढून देणारा जुनैद टॅब घेऊन घरीच आला होता. “नानासाहेब, बाली बेटच ज्वालामुखीचं आहे. लोक मुद्दाम ही काळी रेती बघायला जातात.”

“जात असतील. आपलं बठ्ठं वावर कायंच शे. ते देखाले इमानमा बसीसन जावानं का?”

आपलं सगळं शेत काळंच, ते बघायला विमान कशाला, या सवालावर दिवाणखाना हसला. नाना बोलले की जळगावच्या त्या दिवाणखान्याला हसावंच लागतं. डाळ मिल त्यांची आहे. त्यांचा मुलगा युवराज सगळ्यांत शेवटी हसायला लागला आणि सगळ्यांत शेवटी थांबला. तो नवरदेव. बालीला जायचं होतं ते त्याच्या मधुचंद्रासाठी. ही गोष्ट त्या खोलीत जवळजवळ सगळे विसरले होते, त्याला धरून.

शिल्पा विसरली नव्हती. ती दोंडाईचाची. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत युवराजनं तो तिला रोज फोनवर दाखवला होता: आपण दोघंच, पाय पाण्यात, आजूबाजूला कोणी नाही. फोनवर युवराज फार शूर होता. लग्न झालं आणि सासूबाई, म्हणजे कलाबाई, म्हणाल्या, “एवढ्या पाण्यापलीकडे पोरांना एकटं कसं पाठवायचं?” युवराजनं मान हलवली. त्या मानेला एकच दिशा ठाऊक होती.

तशी घराची रीतही होतीच. लग्न झालं की नव्या जोडप्याला घेऊन सगळं घर देवीला जातं. एका गाडीत, डबे बांधून. वणीच्या गडावर असेच सगळे गेले होते. तोच हिशेब आता बालीला लावला. गडावर सगळे रुळांवरच्या ट्रॉलीनं वर गेले. युवराजही, त्याला चढताना धाप लागते. एकटी शिल्पा पायऱ्यांनी गेली. नवस आहे, म्हणाली. कसला, ते कोणी विचारलं नाही. वर पोचली तेव्हा घामानं भिजली होती आणि चेहरा लग्नानंतर पहिल्यांदाच खुलला होता. कलाबाईंनी ते सगळं देवीच्या नावे जमा केलं.

“पुढचा दाखव,” नाना म्हणाले.

पुढच्या किनाऱ्यावर रेती पांढरी होती आणि तिच्यावर गोऱ्या बाया उन्हात पहुडल्या होत्या. कलाबाईंनी तोंडाला पदर लावला. नानांनी हा किनारा नाकारण्यासाठी चष्मा मागवला, आणि बराच वेळ अभ्यास करून तो नाकारला. त्याच्या पुढचा लाटांमुळे गेला. मग एक शांत निघाला. पण तिथं बसून जेवायला सावली नव्हती, आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं हे काय उन्हात उघडायचं? नणंद कामिनीला मुळात किनारा नकोच होता. तिला फोटोसाठी झोका हवा होता. मागे समुद्र आला तरी चालेल, असं ती मोठ्या मनानं म्हणाली.

दर किनाऱ्याला शिल्पा युवराजकडे बघायची. दर किनाऱ्याला युवराज नानांकडे बघायचा.

“तू तरी बोल ना काही,” ती शेवटी पुटपुटली.

“थांब ना. नानांना नीट पाहू दे.”

त्यानंतर तिनं त्याच्याकडे बघणं बंद केलं. आता ती टॅबकडे बघत होती.

“हा एक राहिला,” जुनैद म्हणाला. त्याचाही आवाज आता बसला होता. “पाणी एकदम निळं. गर्दी नाही. पण मोठा कडा आहे. खाली उतरायला नुसत्या पायऱ्या आणि पायऱ्या.”

“माझे गुडघे!” कलाबाई किंचाळल्या. जणू पायऱ्या दिवाणखान्यातच सुरू होत होत्या.

“काढ तो,” नाना म्हणाले. मग त्यांना एकाएकी आपल्या उदारपणाची आठवण झाली. “अरे, सूनबाईंना विचारा की कोणी! पोरगी केव्हाची मुकी बसली आहे. बोल बेटा. एक किनारा तुझ्या पसंतीचा. आधार शब्द देतो.”

“तो पायऱ्यांचा,” शिल्पा म्हणाली.

जुनैदनं टॅब पुन्हा वर धरला.

“अगं, आणि आम्ही काय वर कड्यावर बसून राहायचं?” कलाबाईंनी विचारलं.

“बसायचं!” नाना मांडीवर थाप मारून हसले. त्यांना सगळं उमगलं होतं, आणि उमगलं की ते लपवत नसत. “नवं जोडपं शे, बाई. आपण वर नारळपाणी पिऊ. दोघांना जाऊ दे खाली.”

“वहिनीऽऽ!” कामिनीनं शिल्पाला चिमटा काढला. युवराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपली बायको हुशार आहे, असं त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं. या बुद्धीत आपलाही काही वाटा असावा, अशा तोऱ्यात तो ताठ बसला.

मग त्यानं टॅब जवळ ओढून पायऱ्यांचा फोटो पाहिला. पाळ्यांची लाली उतरली.

“शिल्पा, उतरेन मी कसाबसा,” तो तिच्या कानाशी कुजबुजला. “पण परत चढायचं कसं? म्हणून तर गडावर मी पायऱ्या टाळल्या...”

शिल्पानं मान वळवली नाही. ती सोफ्याच्या काठावर पुढे सरकली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच काळजीनं बोलली.

“जुनैदभाई, तिथं ट्रॉली तर नाही ना?”