बारावा मणी

“काका, अकरा झाले! एकच राहिला,” फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

मणी खरे नव्हते, समोरच्या पडद्यावर होते. टेबलावरचा कॅमेरा म्हाताऱ्या घड्याळजीच्या उजव्या हातावर डोळा ठेवून होता. बोट कुठे अडतंय ते तो हेरायचा आणि हातात चढवलेला यंत्राचा मोजा बोटाला तिथून हलकेच पुढे ढकलायचा. आज बारा मणी वाटीत पडले तर आणखी तीन महिने यंत्र मिळणार होतं. नाहीतर उद्यापासून ही खुर्ची दुसऱ्या पेशंटची.

बायको बाजूच्या स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं दोघं हातांनी बोलले आणि हातांनीच कडाकडा भांडले. तो तिला नकटी म्हणायचा. चिमटीत स्वतःच्या नाकाचा शेंडा धरला की झालं! मग तिचे दोन्ही हात असे काही सुटायचे की शेजारीपाजारी खिडकीतून बघत राहायचे.

झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला. तोंडही वाकडं झालं, त्यामुळे तिला ओठ वाचता येईनात. डाव्या हाताचं बोलणं बोबडं व्हायचं. उरली पाटी. पाटीवर ‘मीठ कमी’ लिहिता येतं, पण लिहून लिहून भांडणार किती? तीन महिने ती त्याचं सगळं निमूट करत होती. चुकूनही रागावत नव्हती. तेच त्याला सोसवत नव्हतं. घरात ती होती, तरी तिची आठवण यायची.

“काका, वेळ संपत आली. उचला!”

अंगठा आणि बोट जवळ आलं. चिमटी जुळली. पडद्यावरचा मणी उचलला गेला. वाटी डावीकडे वीतभर अंतरावर होती.

हात डावीकडे गेला नाही. थरथरत वर निघाला.

“अहो, तिकडे कुठे? कॅमेऱ्याला दिसणार नाही!”

‘हात सापडत नाही,’ पडद्यावर लाल अक्षरं आली. यंत्राने मदत थांबवली. मोजा सैल पडला.

चिमटी सुटली नाही. छातीपाशी अडखळली, हनुवटीला धडकली आणि शेवटी नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसली.

वेळ संपल्याची घंटा वाजली. अकरा मणी.

धप्पकन पर्स खाली पडली. बायको उभी राहिली होती. डोळ्यांना धार लागली होती आणि दोन्ही हात हवेत सपासप चालले होते.

फिजिओथेरपिस्ट घाबरली. “काका, काय म्हणताहेत काकू?”

“शिव्या देतेय,” वाकड्या तोंडाने तो कसाबसा म्हणाला, आणि चिमटी तशीच धरून लहान मुलासारखा रडू लागला.