धडधाकट पेशी

परिषदेच्या पडद्यावर पहिलं चित्र उमटलं आणि धाकटी खुर्चीत पुढे सरकली. चित्रात काही चुकलेलं नव्हतं. सगळं बरोबर होतं, आणि तेच अशक्य होतं.

ते जनुक तिने शोधलं होतं. पेशीच्या आतल्या पडद्यात बसणारं एक प्रथिन त्यातून घडतं. ते असलं की पेशी आपला कचरा आपणच पचवते, चरबीचा तोल सांभाळते. जनुक काढून टाकलं की चरबीचे थेंब टम्म फुगतात. रक्ताचं पाणी करून तिने हे शोधलं. आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने, ते अलगद स्वतःच्या नावावर केलं. "अगं, घरातलंच तर आहे," म्हणत ताईनेही त्यांचीच री ओढली.

नोकरी सोडताना धाकटीने सूड उगवला. जनुक काढलेल्या पेशी मोरीत ओतल्या आणि त्यांची चिठ्ठी धडधाकट पेशींच्या बाटलीवर चिकटवली. राबा म्हणावं आता कितीही, थेंब फुगायचे नाहीत. भावोजींची चारचौघांत फजिती बघायला ती आज परिषदेला आली होती.

"हे चित्र जनुक काढलेल्या पेशींच्या मूळ बाटलीतलं," भावोजी सांगत होते. थेंब टम्म फुगलेले होते.

म्हणजे गृहस्थाने चित्र संगणकावर रचलं होतं! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. धाकटीला हसू आवरेना.

तेवढ्यात भावोजींनी तिच्याकडे हात केला. "पण श्रेय माझ्या मेहुणीचं. पेशी तिच्या, प्रयोग तिचा. शोधनिबंधावर पहिलं नावही तिचंच घातलंय. शंका असतील तर तिलाच विचारा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत ताई डोळे पुसत होती. भावोजी मात्र धाकटीकडे बघून गालातल्या गालात हसत होते. तिला लख्ख कळलं, बाटलीतली गोम त्यांना केव्हाच समजली होती. लबाडी आज ना उद्या उघडी पडेल, तेव्हा मान तिची अडकणार होती. आणि याच टाळ्यांसाठी ती इतकी वर्षं झुरली होती.

तिने माइक मागून घेतला.

"पहिलं नाव माझं, तर आधी मीच बोलते. त्या बाटलीवरची चिठ्ठी मी मुद्दाम बदलली होती. आतल्या पेशी धडधाकट आहेत, त्यांचं असं चित्र निघूच शकत नाही. हवं तर आत्ता तपासा. आणि मग आम्हा दोघांपैकी कुणालाही पुन्हा प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देऊ नका."