डावीकडचं गवत

फाटक उघडलं आणि मेंढ्या डावीकडे वळल्या. एकजात सगळ्या. उजवीकडच्या पट्ट्याकडे एकीनंही ढुंकून पाहिलं नाही.

चारा संशोधन केंद्रातली ती संशोधक फाटकाशी उभी राहून बघत होती. उजवीकडचं गवताचं वाण तिचं होतं, उमेदीची सगळी वर्षं घालून तयार केलेलं. डावीकडचं बाबांचं, ते याच केंद्रात नोकरीला असतानाचं. भर उन्हातही कोवळं राहणारं तिचं गवत प्रयोगशाळेत सरस ठरलं होतं. प्रथिनं जास्त, पचायला हलकं. पण शेवटचा निकाल आज मेंढ्या देणार होत्या, आणि हरलेल्या पट्ट्यावर उद्या नांगर फिरणार होता.

"कागदावर कितीही सकस असू दे," संचालक पेन उघडत म्हणाले, "मेंढीनं तोंडच लावलं नाही तर काय चाटायचंय ते?"

बाबा डावीकडच्या कुंपणाला टेकून उभे होते, त्यांच्या नेहमीच्या जागी. मेंढ्या त्यांच्या पायाशीच चरत होत्या. लहानपणापासून या गवताचं कौतुक ऐकून तिचे कान किटले होते. आज निदान त्यांनी घरी थांबायचं. तिला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

"साहेब, लगेच काही लिहू नका," बाबा एकाएकी म्हणाले. "मी जरा पाय मोकळे करून येतो."

ते फाटकाबाहेर पडले आणि पाण्याच्या टाकीमागे दिसेनासे झाले.

मेंढ्यांनी माना वर केल्या. तोंडातल्या काड्या तशाच टाकून त्या फाटकाकडे धावल्या आणि गजांना नाकं लावून बें बें करू लागल्या. संचालकांचं पेन हवेतच राहिलं. या मेंढ्या कोकरं होत्या तेव्हा बाबांनीच रोज येऊन त्यांना बाटलीनं दूध पाजलं होतं. तिला हे ठाऊक होतं. तरी ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं एक मेंढी कंटाळून मागे वळली. डावीकडचं गवत हुंगून पुढे गेली, उजवीकडे शिरली आणि तिची मान पुन्हा वर आली नाही. तिच्यामागे दुसरी गेली, मग बाकीच्या.

बाबांना शोधत ती धावतच टाकीमागे गेली. बाबा अंग चोरून उकिडवे बसले होते.

"बाबा, अहो..."

"हळू बोल," ते कुजबुजले. "मी दिसलो, तर माझ्या भिडेखातर पुन्हा माझंच गवत खात बसतील."