काचेतले ओठ

ज्याला ऐकू येत नाही, त्याला हलणारा प्रत्येक ओठ आपल्याविषयीच बोलतो असे वाटू लागते. हा त्याचा दोष मानावा की दुर्दैव, हे सांगणे कठीण आहे. घड्याळजींच्या संशयाला तर साक्षीदारही होता: समोरच्या भिंतीवरील मोठ्या घड्याळाची काच.

दाराकडे पाठ करून ते कामाला बसत. पत्नी मागून येई. काचेत तिचे ओठ हलत. शब्द मात्र उमगत नसत. मग खांद्यावर हात पडे आणि ते वळेपर्यंत ओठ मिटलेले असत.

"काय पुटपुटलीस?"

ती पाटीवर लिही, "काही नाही. जेवायला चला."

कान गेल्यापासून बारा वर्षे हेच 'काही नाही'. बहिऱ्याच्या पाठीमागे माणूस काय बोलणार? शिव्याशापच. एकदा खात्री पटली की बहिणीकडे कायमचे निघून जायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले. ट्रंकही भरून ठेवली.

आणि खात्रीसाठीच ते कानात विजेची तार बसवण्याचा प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्या काळी तार एकच असे आणि भलेभले शल्यविशारद त्या खटाटोपाला थोतांड म्हणत. डॉक्टरांनी आधीच लिहून दिले, "शब्द कळणार नाहीत. आवाजाचे नुसते ठोके कळतील."

"ठोके ओळखण्यातच हयात गेली माझी," घड्याळजी म्हणाले. शिव्यांची लाखोली किती लांबते, हे ठोक्यांवरूनही मोजता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

शस्त्रक्रियेची जखम भरली. यंत्र जोडून घरी आल्यावर ते पत्नीला म्हणाले, "फुकट गेलं सगळं. काही ऐकू येत नाही." खिशातल्या यंत्राच्या डबीचे बटण मात्र चालू होते.

दुसऱ्या दिवशी काचेत ओठ हलले. कानात दोन ठोके पडले. एक आखूड, एक लांब. मग शांतता. पुन्हा तेच दोन. पुन्हा शांतता, अंमळ अधिक. तिसऱ्यांदा तेच, आणि मग खांद्यावर हात.

चार दिवस यात तसूभर फरक पडला नाही. घड्याळजी अस्वस्थ झाले. शिव्या देणारा असा मध्येच थांबत नाही. थांबतो तो, ज्याला उत्तराची अपेक्षा असते.

एक आखूड, एक लांब. कान शाबूत असतानाची, नव्या संसारातली तिची हाक त्यांना आठवली.

पाचव्या दिवशी पहिले दोन ठोके पडताच, मागे न वळता, ते म्हणाले, "ओ."

काचेत ती मटकन खाली बसताना दिसली. ते धावत तिच्याजवळ गेले.

"बारा वर्षं बहिऱ्याला हाका मारत होतीस? वेडी की काय!"

तिने पाटी ओढून लिहिले, "सांगायची लाज वाटायची. पण एखाद्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं असतं, आणि नेमकं त्याच दिवशी मी 'अहो' म्हटलं नसतं तर?"

त्या हाकेचे, त्या ओ देणाऱ्याचे आणि त्या एकुलत्या तारेचे कल्याण असो.